सलामी कापलेली कुस्ती

गौस मुलाणी आयुष्यात एकही कुस्ती खेळला नाही. अंगानं तो पहिल्यापासून काडीपैलवान. पण सोलापूर जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये गेल्या काही वर्षांत मातीत ज्या कुस्त्या झाल्या, त्यांतल्या निम्म्याशिम्म्या तरी त्याच्या बोटाखालून गेल्या असतील. विजापूर वेशीजवळच्या एका बोळात वरच्या मजल्यावर त्याची पत्र्याची खोली होती. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची. गौस बनियनवर, गळ्यात ओला पंचा टाकून, दोन स्क्रीनपुढे बसायचा आणि कुस्त्या कापायचा.

या कामाला मराठीत धड नाव नाही, म्हणून गौस त्याला 'कापणं' म्हणायचा. काम असं होतं. मैदानावर त्याचा दोस्त सयाजी कॅमेरे लावायचा आणि सगळं मैदान दुपारपासून इंटरनेटवर लाईव्ह सोडायचा. गौस घरी बसून ते बघायचा. कुस्ती लागली की एक बटण, निकाली झाली की दुसरं. मधला तुकडा सुटा होऊन थेट क्लाऊडवर जाऊन बसायचा, पैलवानाच्या नावाच्या फोल्डरमध्ये. गौस म्हणायचा, "गेली वर." त्यावर त्याची बायको जुलेखा म्हणायची, "ऐसा मत बोलो जी, पड़ोसी मैयत को आ जाएंगे."

घाई कसली, लाईव्ह तर तिथंच असतं की, असं कुणी विचारलं तर गौस नळाकडं बोट दाखवायचा. लाईव्ह म्हणजे नळाचं पाणी. येतंय तोवर भरून घ्यायचं, गेलं की गेलं. चालू आहे तोवर मागं जाऊन काढता येतं, पण एकदा बंद पडलं की आधीचं सगळं उडतं. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरात हे कुणाला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

त्याआधी गौस लग्नांची शूटिंग करायचा. नवरदेवाचा फोटो बदामात फिरवायचा, नवरीच्या डोक्यावर गुलाब पाडायचे, पाठवणीच्या वेळी सनई वाढवायची, हे सगळं त्यानं केलं. मग घरटी चार कॅमेरेवाले मोबाईल आले आणि त्याचे गुलाब वाळून गेले. त्या पडत्या काळात सयाजीनं त्याला हात दिला. सयाजी माढ्याकडचा, एके काळचा चांगला पैलवान. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. त्याच्या लग्नाची शूटिंग गौसनंच केली होती, तेव्हापासूनची दोस्ती. ईदला सयाजी शीरखुर्म्याला यायचा तो दोन वाट्या हाणल्याशिवाय उठायचा नाही. गौसच्या लेकीच्या निकाहाला पाहुण्यांच्या पंक्तीत वाढायला हाच पुढं. कुस्ती लाईव्ह दाखवायची कल्पना त्याचीच.

पहिल्याच मैदानाला गौसनं कुस्ती धरल्यापासून कापली होती. सयाजीनं ती बघितली आणि म्हणाला, "गौस्या, कुस्ती धरल्यावर सुरू होत न्हाय. सलामीला सुरू होती. हातात हात दिला, मग सोडला, मग कुस्ती. त्याच्याआदी जो हात घालतो त्यो पैलवान न्हवं, दरोडेखोर."

गौसला ते इतकं पटलं की त्यानं त्याची गाठच मारून घेतली. तेव्हापासून त्याची प्रत्येक क्लिप सलामीपासून सुरू व्हायची आणि जिंकलेला हरलेल्याला हात देऊन उठवतो तिथं संपायची. बघणारी पोरं कुरकुरायची. डाव दाखवा, सलामी काय बघायची? गौस दाद द्यायचा नाही. हरलेल्याच्या फोल्डरमध्येही तो कुस्ती ठेवायचा. हरणं हीसुद्धा त्याची कुस्तीच की. तालमी-तालमींत त्याचं नाव झालं. कुठं निकालावरून वाद पेटला की लोक म्हणायचे, गौसची क्लिप मागवा. आणि गौसही फोनवर ऐटीत सांगायचा, "माणसाचं ऐकू नका, माणूस भावकी बघतो. क्लिप बघा."

या फोल्डरांत त्याचं एक लाडकं फोल्डर होतं. सांगोला तालुक्यातल्या कोंडीबा नावाच्या मेंढपाळाच्या पोरीचं. पोरीचं नाव सृष्टी. ती एवढीशी होती तेव्हा एका पोराला तिनं जत्रेत पाडलं होतं. पाडलं ते पाडलं, तो रडायला लागला तर त्याच्या पाठीवरची माती झाडून त्याला आईकडं नेऊन सोडलं. त्या दिवशी गौसनं दुसरं बटण बराच वेळ दाबलंच नाही. पुढं ती मोठी होत गेली, पण सलामी तीच राहिली. आधी माती कपाळाला लावायची, मग पुढचीच्या डोळ्यांत बघून अख्खा तळवा द्यायचा. काही पैलवान नुसती बोटं टेकवतात आणि मागं उडी मारतात. सृष्टी हात द्यायची तो शेजारणीला वाटी द्यावी तसा, भरून.

कोंडीबा मेंढरांच्या औषधाला सोलापूरला आला की गौसचा जिना चढायचा. खुर्ची दिली तरी खाली बसायचा. गौस मोठ्या स्क्रीनवर सृष्टीची कुस्ती लावायचा. कोंडीबा कधी 'छान' म्हणाला नाही. कुस्ती संपली की एवढंच म्हणायचा, "परत लावा." एकदा जाताना जिन्यात थांबून तो म्हणाला, "गौसभाई, आमच्या घरात हिच्या कुस्तीचा एक फोटूबी न्हाय. सगळं तुमच्यापाशी हाय." गौस म्हणाला, "माझ्यापाशी हाय म्हंजे हाय. काळजी करू नका."

गेल्या यात्रेत, सृष्टीची बारावीची परीक्षा झाल्यावर, सांगोल्याकडच्या एका गावात मोठं मैदान भरलं. तिथं मुलींची एक कुस्ती ठरली होती, ती जी मारील तिला निवासी तालमीत घेणार होते. राहणं, खुराक, शिकवणं, सगळं तिथंच. कोंडीबाचे भाऊबंद केव्हापासून मागं लागले होते की बारावी झाली, आता पोरीला उजवा. कोंडीबानं त्यांना एकच सांगितलं होतं. ही कुस्ती मारली तर पोरगी तालमीत जाईल. न्हाई मारली तर तुमी म्हणाल तसं. एका कुस्तीवर पोरीचं सगळं पुढचं टांगलेलं, आणि ते गौसला ठाऊक होतं.

समोर ऋतुजा होती. पोरगी तयारीची होती, खोटं कशाला बोला. पण मैदान भरवणारे तिचे सख्खे काका.

भर उन्हात कुस्ती लागली. लाईव्ह बघणारे मोजकेच होते, लोक नामांकित पैलवानांसाठी दिवस उतरल्यावर येतात. मैदानावरच्या लोकांचं म्हणाल तर त्याच वेळी कुणी पुढारी आला. आपल्याकडं पुढारी आला की फेटा आला, हार आला, आणि हलगीवाल्याच्या अंगात आलं. सगळ्यांचे मोबाईल त्या फेट्याकडं वळले. पंच होते मल्लिनाथ वस्ताद, म्हातारा सरळ माणूस. तेही क्षणभर तिकडं वळले. मातीत सृष्टीनं नेहमीसारखा भरून हात दिला. ऋतुजानं तो सोडलाच नाही. सलामीचाच हात धरून दस्ती ओढली, म्हणजे हात खेचून पुढचीला झोक दिला, आणि सृष्टी काय होतंय ते कळायच्या आत पाठीवर पडली. गलका झाला. वस्ताद वळले तर एक पोरगी चीत पडलेली. त्यांनी ऋतुजाचा हात वर केला.

गौसनं हे सगळं बघितलं. त्याच्या तोंडून शिवी गेली आणि त्यानं कुस्ती कापली, सलामीपासून. तेवढ्यात सयाजीचा फोन आला. मागं हलगी आणि भांडणाचा आवाज.

"गौस, ती सृष्टीची कुस्ती कापलीस का?"

"कापली. सया, हात सोडलाच न्हाय तिनं. पंचांना दाखव."

"आरं, पंच लाईव्हच बघायलेत की हितं माझ्याजवळ. त्याची तू काळजी करू नको. तू मला छोटी करून दे. धरल्यापासनं, सलामी काढून. मोबाईलवर टाकायचीय."

"सलामी काढून?"

"छोटीला कशाला सलामी? अख्खं लाईव्ह हाय की. लवकर कर, पुढची जोड लागायलीय."

गौसनं आजवर कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. कारण सांगणारा सयाजी होता, ज्यानं सलामी शिकवली तोच. दुसरा तुकडा करण्याएवढी उसंत नव्हती, म्हणून त्यानं त्याच क्लिपची सुरुवात पुढं सरकवली आणि जुनीवरच नवी बसवली. मनात म्हणाला, मोठी संध्याकाळी लाईव्हमधून परत काढू. क्लिप वर गेली. तिच्यात सृष्टीचा हात आधीच खेचलेला होता आणि ती पडत होती, बस्स. बघणाऱ्याला वाटावं, काय सफाईची दस्ती ओढली पोरीनं.

थोड्या वेळानं लाईव्ह बंद पडलं आणि परत चालू झालं. गौसला वाटलं, गावाकडचं नेट. संध्याकाळी शेवटची कुस्ती निकाली निघाल्यावर तो मोठी क्लिप काढायला बसला, तर लाईव्ह सुरूच फेटा-हारानंतरच्या कुस्त्यांपासून होत होतं. आधीचं सगळं गेलेलं. त्यानं इकडं शोधलं, तिकडं शोधलं. सयाजीला फोन लावला तर तो उचलेना. तोवर ती छोटी क्लिप गावोगाव पोचली होती. खाली लोक हसत होते. कुणी लिहिलं होतं, मेंढरं राखावी बाई, हे तुझं काम नव्हं.

रात्रीच्या जेवणाला जुलेखानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली, पण गौसच्यानं घास उचलवेना. "नेट गया होगा," ती म्हणाली. गौस म्हणाला, "नेट गेलं असतं तर मला आधी दिसलं असतं. चित्र अडकतं, मग जातं. हे अडकलं न्हाय. हे कुणीतरी बंद केलं." कुणीतरी, असं तो म्हणाला. नाव अजून त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

सकाळी तो सात रस्ता चौकातल्या सयाजीच्या ऑफिसात गेला. सयाजी वायरींची वेटोळी करत बसला होता.

"बस की. चा सांगू?"

"मूळ लाईव्ह कुटं हाय?"

"नेट गेल्तं रं. परत चालू केलं, आदलं उडालं."

"नेट गेलं न्हवतं, सया. मी बघत बसलो होतो."

सयाजीनं हातातली वायर खाली ठेवली. "मग इचारतोस कशाला?"

माणूस खोटं बोलत राहिला असता तर बरं झालं असतं, असं गौसला वाटलं. खोटं बोलणाऱ्याला निदान आपली थोडी भीड असते.

"पंच तुझ्याजवळ लाईव्ह बघायले होते म्हणलास."

"न्हवते. त्यांनी क्लिप मागितली, मी क्लिप दावली."

"तूच शिकवलंस ना मला? सलामीच्या आदी हात घालतो त्यो दरोडेखोर."

"शिकवलं. तवा आपल्याला काळं कुत्रं इचारत न्हवतं." सयाजीचा आवाज चढला नाही, उलट समजावणीचा झाला. "पोरीच्या काकाच्या हातात पुढल्या वर्साची सगळी मोठी मैदानं हायत. ती आपल्याला मिळाली. आपल्याला म्हंजे तुलाबी. मी एकटा खाणार हाय का? आन सृष्टी लहान हाय, पुढल्या साली जाईल की तालमीत."

"पुढल्या साली कोंडीबा तिला ठेवतोय घरात?"

"ते त्याच्या घरचं." सयाजीनं परत वायर उचलली. "आन हे बघ गौस, बोंबलत फिरू नको. क्लिप मी न्हाय कापली. तू कापलीस. तुझ्या बोटानं."

केसानं गळा कापतात असं आपण म्हणतो. सयाजीनं ते कष्टही घेतले नाहीत. सुरी गौसच्याच हातात दिली, कुठं धरायची ते सांगितलं, आणि वर हात धुऊन मोकळा. एवढ्या वर्षांचा शीरखुर्मा कुठं गेला कुणास ठाऊक. गौस तिथून उठला तेव्हा त्याला सयाजीचा राग येत होताच, पण त्याहून जास्त आपल्या उजव्या हाताच्या बोटाचा येत होता.

घरी आला तर कोंडीबा जिन्याच्या पायरीवर बसलेला. पहाटेची एसटी धरून आला होता. चेहरा उतरलेला, पण आवाजात धीर.

"सृष्टीनं पाठवलंय. म्हणली, गौसचाचा सलामीपासनं कापत्यात, त्यांच्यापाशी असंल. तेवढी द्या. वस्ताद म्हणालेत, दाखवा, मी निकाल फिरवतो."

गौसनं त्याला वर नेलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. सयाजीचा फोन, सरकवलेली सुरुवात, गेलेलं लाईव्ह. काही लपवलं नाही. कोंडीबा ऐकत राहिला. मग स्क्रीनकडं बघत म्हणाला, "म्हंजे न्हाय."

"न्हाय. पण मी बघितलंय. मी येतो तुमच्यासंगं. मी सांगतो."

दोघं एसटीनं गेले. देवळापुढच्या पारावर मैदानाची कमिटी बसली होती, ऋतुजाचे काका मधोमध. गौस उभा राहिला आणि बघितलं ते सगळं सांगितलं. कुणी मध्ये तोडलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर काका म्हणाले, "गौसभाई, क्लिप तुमीच पाठवली ना?"

"पाठवली. पण त्यात सलामी न्हाय."

"मग सलामी असलेली दाखवा."

"ती उडवली."

"मग आमी कशावर इस्वास ठेवायचा?" काका हसले सुद्धा नाहीत. "तुमीच सांगता की फोनवर. माणसाचं ऐकू नका, क्लिप बघा."

पारावर दोघं-तिघं मान हलवत होते. मल्लिनाथ वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी पाठमोरा होतो," ते म्हणाले. "त्येचं पाप माझ्यावर हाय. पर जे मी बघितलं न्हाय ते बघितलं म्हणून कसं सांगू?" पूर्वीच्या काळी असा पेच पडला तर वस्ताद बघ्यांतल्या चार म्हाताऱ्यांना विचारायचे, आणि त्यांच्या शब्दाला मैदान मान तुकवायचं. ती रीत मोडण्यात गौसचाच मोठा हात होता. क्लिपपुढं माणसाचा शब्द खोटा, हे त्यानंच जिल्ह्याला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी शब्दाशिवाय त्याच्यापाशी काही नव्हतं. निकाल तोच राहिला. ऋतुजा तालमीत गेली.

परतीच्या एसटीची वाट बघत दोघं फाट्यावर उभे होते. गौस म्हणाला, "सृष्टीला सांगा, गौसचाचानंच कापली."

कोंडीबानं एसटी येते का ते वाकून बघितलं. मग म्हणाला, "न्हाय सांगणार. सयाजीचं सांगीन. तुमच्यावर तिचा लई इस्वास हाय. तेवढा तरी ऱ्हाऊ द्या."

त्यानं बोल लावला असता तर गौसला ते सोसलं असतं.

सयाजीचं काम गौसनं सोडलं. सयाजीला दुसरा कापणारा मिळाला, तो सगळं धरल्यापासून कापतो आणि बघणारे वाढलेत म्हणे. गौस आता एका क्लासच्या ऑनलाईन शिकवण्या कापतो. गणिताचे सर सुरुवातीला "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो" म्हणतात, क्लासवाले म्हणतात ते काढा. गौस काढत नाही. ईदला सयाजी आला होता, हातात मिठाईचा पुडा घेऊन. जुलेखानं दारातूनच सांगितलं, "घर में नै हैं." गौस आत पलंगावर बसून होता. सयाजीनं दारातल्या त्याच्या चपला बघितल्या असणार. पुडा पायरीवर ठेवून तो गेला.

यंदाच्या यात्रेत नातेपुत्याकडचं मैदान गौसनं मोबाईलवर लावलं. लावायचं नाही असं ठरवून लावलं. दुपारी सृष्टीचं नाव पुकारलं. निवेदक माईकवर सांगत होता की या पोरीचं हे शेवटचं मैदान, पुढल्या महिन्यात तिचं लगीन हाय, सगळ्यांनी टाळ्या द्या. टाळ्या पडल्या. सृष्टी मातीत उतरली. वर्षभरात खांदे रुंद झाले होते. तिनं माती उचलून कपाळाला लावली. पुढच्या पोरीनं हात पुढं केला, भरून. सृष्टीनं बोटांची टोकं तेवढी टेकवली, झटकन उडी मारून मागं झाली आणि हात पाठीमागं लपवला. नजर वर केलीच नाही. मग दोनच डावांत तिनं त्या पोरीला आसमान दाखवलं, आणि ती पाठीवर पडलेली असताना सृष्टी पाठ फिरवून मैदानाबाहेर चालू लागली. पडलेलीनं आपली आपण माती झाडली.

गौसचा अंगठा सवयीनं मोबाईलच्या काचेवर बटण शोधत होता. तिथं बटण नव्हतं.

जुलेखा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "जीती क्या बच्ची?"

"जिंकली."

"फिर? ऐसा मुँह करके कायको बैठे?"

गौसनं मोबाईल पालथा ठेवला. "तिनं हात दिला न्हाय," एवढंच तो म्हणाला.